अभ्यास रजेचा सौदा

मला अभ्यास रजा दोनदा नाकारली गेली, आणि दोन्ही वेळा ती माझ्यानंतर नोकरीला लागलेल्यांना मिळाली. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे घडलं त्यात माझी बाजू लंगडी दिसणार आहे, तेव्हा निदान एवढं तरी माझ्या पदरात असू द्या.

रजा मिळाली की पगार चालू राहायचा आणि कोल्हापूरला विद्यापीठात राहून पीएच.डी. करता यायची. नाही मिळाली तर सोलापुरातल्या त्याच वर्गांत, त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स, निवृत्त होईपर्यंत. पहिल्या वेळी प्राचार्य म्हणाले, "तुम्ही गेलात तर टाइमटेबल कोण लावणार?" दुसऱ्या वेळी नुसतंच म्हणाले, "बघू." ज्यांना रजा मिळाली ते पुण्यात शिकलेले, स्वच्छ बोलणारे. मी सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत आणि आठवडी बाजारांत वाढलेला. वडील बैलांची दलाली करायचे. रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून भाव कसा सांगायचा हे मी शाळेतच शिकलो आणि कॉलेजची फी त्याच बोटांवर भरली. अर्थशास्त्राचा प्राध्यापक झालो तरी राग आला की तोंडातून 'न्हाय'च यायचं.

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत विद्यापीठाने एक नवी टूम काढली होती, प्राध्यापकांना शिकवायला शिकवण्याची. शाळामास्तराला निदान बी.एड. तरी करावं लागतं. आम्ही एम.ए. झालो की थेट फळ्यासमोर उभे. तर दिवाळीच्या सुट्टीत आमच्या कॉलेजात आठवडाभर वर्ग भरायचा होता. प्रत्येकाने खऱ्या मुलांसमोर पाठ द्यायचा, बाकीच्यांनी मागे बसून ऐकायचा आणि मग त्यावर बोलायचं. ज्येष्ठ मंडळींनी साफ नकार दिला. वर्ग घ्यायला विद्यापीठाच्या बाई येणार आणि खोली रिकामी, या काळजीने प्राचार्यांचा चेहरा उतरला होता. मी त्यांच्या खोलीत गेलो.

"सर, वर्ग मी भरून देतो."

"आणि?"

"रजेची शिफारस. यंदाच."

"शेवटच्या दिवसापर्यंत सगळे बसले पाहिजेत. सगळ्यांचे पाठ झाले पाहिजेत."

"होतील."

"मग बघू."

"'बघू' नको, सर. हो की नाही?"

"हो म्हणालो समजा."

"समजत नाही मी. म्हणा."

ते हसले आणि हो म्हणाले.

मग मी एकेकाला गाठलं. इतिहासाचे विभागप्रमुख भडकलेच. "या वयात मी बाकावर बसू? माझे विद्यार्थी आज मामलेदार आहेत!"

"म्हणूनच मागचा बाक ठेवलाय, सर. भिंतीला टेकता येईल."

"चहा?"

"दोनदा. भजी एकदा."

"भजी दोनदा. आणि पुढच्या टर्मला सकाळचा पहिला तास मला नको."

टाइमटेबल माझ्याच हातात होतं. तास काढला, भजी मात्र एकदाच ठेवली. गणिताच्या सरांना शनिवार मोकळा दिला. मराठीच्या बाईंना मागच्या अंगणाकडची थंड खोली हवी होती, ती दिली. पहिल्या दिवशी खोली भरली. प्राचार्य दारात उभे राहून आमच्याकडे बघत राहिले.

विद्यापीठाच्या बाई उतारवयाच्या, सुती पातळातल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी रिक्षातून एक जड टेपरेकॉर्डर उतरवून घेतला, टेबलावर ठेवला आणि विचारलं, "पहिला पाठ कोण देणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तेच हवं होतं, मी उठलो.

सुट्टीतही बोलावून आणलेली पहिल्या वर्षाची मुलं पुढे बसली होती. शहरातली, काही वळसंगकडून एसटीने येणारी. विषय होता किंमत कशी ठरते. मी पुस्तक उघडलंच नाही. खिशातला रुमाल काढला, पुढच्या बाकावरच्या एका मुलाचा हात धरला आणि बैलबाजार उभा केला. गिऱ्हाईक मी, मालक मी, दलालही मीच. मुलं खो खो हसली. मागे इतिहासाचे सरसुद्धा हसत होते. तास संपला तेव्हा माझा सदरा घामाने भिजला होता आणि मनात मी कोल्हापूरच्या गाडीत बसलो होतो.

चहानंतर बाईंनी मुलांना घरी पाठवलं आणि रीळ उलटं फिरवलं.

स्वतःचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पहिलं वाक्य ऐकलं आणि वाटलं, आता माझ्या बोलीला हसणार हे लोक. कोणी हसलं नाही. मी जरा सैल झालो. मग बैलबाजार आला. माझा आवाज, परत माझाच आवाज, "समजलं?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा माझा आवाज. मध्येच एक बारीक आवाज आला. वळसंगची एक मुलगी होती, घरात कानडी बोलणारी, मराठी जपून जपून जुळवणारी.

"सर, पण त्या बैलवाल्याला जर..."

"जर-तर घरी! बैल मी विकतोय की तू? बस खाली."

त्यावर वर्गाचं मोठं हसू. मला ते हसू आठवत होतं, माझ्या पाठाचं यश म्हणून. टेपवर ते खूप वेळ चाललं. नंतर रीळ संपेपर्यंत एकाही मुलाने तोंड उघडलं नाही. फक्त मी.

बाईंनी बटण दाबलं. टीका केली नाही. खोलीतल्या सगळ्यांना विचारलं, "त्या मुलीला काय विचारायचं होतं?"

कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"परीक्षेला न येणारं काहीतरी असणार," मी म्हणालो.

हे बोलायला नको होतं, हे शब्द तोंडातून निघताच कळलं. मराठीच्या बाईंनी मान खाली घातली. कान तापले, मान तापली. बाजारात माणसं मला शिव्या देऊन गेली होती, तेव्हा असं कधी झालं नव्हतं. मी उठून व्हरांड्यात गेलो. बाई मागून आल्या.

"मला पहिला उभा केलात तो मुद्दाम!" मी ओरडलो. "हे यंत्र घरी ऐकवायचं होतं, एकट्याला. असं चारचौघांत न्हाय!"

"तुम्हीच उठलात, सर."

"ते रीळ पुसा."

"पुसते. एकच आहे, उद्याचा पाठ त्यावरच घ्यायचाय. पण उद्या देणार कोण?"

मी आत डोकावलो. इतिहासाचे सर पिशवी भरत होते. "अहो, तुमचं असं झालं तर आमचं काय होईल?" गणिताच्या सरांना अचानक नातेपुत्याला सासुरवाडीला जायचं होतं. माझा सौदा माझ्या डोळ्यांदेखत मोडत होता. पाठ झाले नाहीत तर शिफारस नाही, आणि प्राचार्य आनंदाने पुन्हा 'बघू' म्हणणार.

"उद्या मीच देतो," मी म्हणालो. "परत."

दुसऱ्या दिवशी मी रुमाल आणला नाही. मुलं बसली, रीळ फिरू लागलं. मी त्या मुलीला म्हणालो, "काल तुला काहीतरी विचारायचं होतं. विचार."

ती उभी राहिली. "काही नाही, सर."

"नाही, विचार. मी थांबतो."

मी थांबलो. गप्प राहणं मला येत नाही, बाजारात जो आधी गप्प बसतो त्याचा बैल पडत्या भावाने जातो असं मी धरून चालायचो. रिळाची घरघर ऐकू येत होती. मागे कोणीतरी खोकलं. मुलीच्या हातातली ओढणी पिळून पिळून दोरी झाली.

"विसरले, सर," ती शेवटी म्हणाली आणि मी बस म्हणण्याच्या आधीच बसली.

मग पुढचा तास मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो, कोणाला काही विचारायचंय का. कोणालाच नव्हतं. एका दिवसात सगळी मुलं शहाणी झाली होती. की जूनपासून मीच त्यांना शहाणं करत आलो होतो? पाठ पार कोसळला. रीळ ऐकताना बाई एवढंच म्हणाल्या, "आज तुम्ही थांबलात." मला त्यांची ती दया नको होती, मी खिडकीबाहेर बघत बसलो.

पण माझी इतकी वाईट फजिती दोनदा बघितल्यावर बाकीच्यांची भीती गेली. इतिहासाच्या सरांनी पाठ दिला. सासुरवाडी रद्द झाली. आठवडा पार पडला, सगळ्यांचे पाठ झाले. सौद्यात माझ्याकडून जे ठरलं होतं ते मी पुरं केलं.

समारोपाला मुलांनाही चिवडा खायला बोलावलं होतं. प्राचार्यांनी शब्द पाळला, तोही सगळ्यांसमोर. उभे राहून म्हणाले, "या वर्गाच्या यशाचं श्रेय ज्यांना जातं, त्या आपल्या आदर्श अध्यापकांची शिफारस मी अभ्यास रजेसाठी करत आहे." माझ्या सहकाऱ्यांपैकी कोणी हसलं नाही. हसले असते तर मला भांडता आलं असतं. ते आपापल्या बशीकडे बघत टाळ्या वाजवू लागले. मग मुलांनी वाजवल्या. ती मुलगीही वाजवत होती, अगदी मनापासून, सरांचं काहीतरी चांगलं झालं म्हणून.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. भाषण मी तयार ठेवलं होतं, त्यात आधीच्या दोन नकारांचा नाव न घेता समाचार होता. उभा राहिलो, "आभारी आहे" म्हणालो आणि बसलो. प्राचार्य शेजाऱ्याला म्हणाले, "भारावून गेलेत."

रजा मी घेतली. का घेऊ नये? ती दोन वर्षं आधीच माझी होती, आणि हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन. जूनमध्ये ट्रंक घेऊन निघालो तेव्हा त्या मुलीचा वर्ग दुसऱ्या वर्षात गेला होता. जायच्या आधी तिला एकदा भेटून पुन्हा विचारावं असं वाटलं होतं. वर्गाच्या दारापर्यंत गेलो. आत दुसऱ्या कोणाचा तास चालू होता आणि ती खाली मान घालून लिहून घेत होती. मी तसाच परत फिरलो.