सुभद्राआत्यानं गल्ली सरळ केली

आमच्या आत्यानं सख्ख्या भावाचं दुकान रस्त्यात घातलं.

त्याच आत्याले आज सकाळी आम्ही घाटावर पोचवून आलो. वय अठ्ठ्याऐंशी. जीभ शेवटपर्यंत शाबूत.

सुभद्राआत्या. माझ्या बाबांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, माहेरी आली आणि मागावर बसली. घर आजोबांनी तिच्याच नावावर करून दिलं होतं.

ही गोष्ट बहात्तर-त्र्याहत्तरची. मी मॅट्रिकले होती.

इतवारीकडची आमची जुनी गल्ली रुंदीकरणात गेली. सगळ्या विणकरांले उमरेड रोडच्या अंगाला नवीन लेआउटमध्ये प्लॉट मिळाले. चिठ्ठ्या काढल्या. आत्याच्या नावानं निघाला कोपऱ्याचा प्लॉट!

घरात नुसता आनंदीआनंद. कारण बाबा गिरणीत होते, आणि तिथल्या कापसानं त्यांची छाती पार खराब झाली होती.

"अक्का, कोपऱ्यावर सायकलचं दुकान टाकतो. गिरणीले रामराम!"

पाटीचा रंगसुद्धा ठरला होता. हिरवा.

मग आम्ही साइट पाहायले गेलो. चुन्याच्या रेघा मारलेल्या, नंबरचे दगड गाडलेले. एकदम टिपटॉप. गल्ली तीन प्लॉट गेली की वळायची, पुन्हा तीन प्लॉट गेली की वळायची, मधात बगीचा.

सगळे खूश. आत्या मात्र एकटीच पावलानं गल्ली मोजून राहिली होती.

"काय झालं आत्या?"

"पांजणी कुठं करायची वं पोरी?"

ज्याले माहीत नाही त्याले सांगते. माग घरात बसतो, पण ताणा घरात मावत नाही. पाच लुगड्यांचं उभं सूत एकदम गल्लीत पसरायचं, आठ-दहा घरं ओलांडून. त्याले खळ लावायची, कुंच्यानं विंचरायचं आणि वाळेपर्यंत दोन्ही टोकं ताणून धरायची. ही पांजणी. गल्ली हाच आमचा कारखाना.

नकाशा काढणाऱ्याले तो फक्त रस्ता दिसला. त्याले तरी काय बोलायचं? आम्ही विणकर, आम्हीसुद्धा नळ आणि संडास पाहूनच हरखून गेलो होतो.

लेआउटचे साहेब पाहणीले येणार त्या सकाळी आत्या ताणाच घेऊन गेली. खरोखरचा, बैलगाडीत घालून.

बांबूच्या कैच्या, म्हणजे फुलीसारखे टेकू, रोवल्या आणि सूत पसरलं. ते सरळ गेलं, चुन्याची रेघ ओलांडली आणि आमच्याच प्लॉटमध्ये घुसलं.

साहेबांनी नकाशा उघडून सुताशी ताडून पाहिला. चांगला माणूस होता.

"बाई, गल्ली सरळ केली तर हा कोपऱ्याचा प्लॉट रस्त्यात जाईल. कुणाचा आहे?"

"माहाच आहे साहेब."

"मग तुम्हाला शेवटचा घ्यावा लागेल. नाल्याजवळचा."

आत्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा जोरजोरात मान हलवून राहिले होते. नाही, नाही.

"चालते साहेब," आत्या म्हणाली. "करा सरळ."

त्यानंतर सात महिने बहीण-भाऊ बोलले नाहीत. घर एक, चूल एक.

"तिले सांग, भाजीत मीठ कमी आहे."

"त्याले सांग, हात आहेत ना, घे म्हणा."

मी मधातली पोस्टमन.

खरं सांगते, मले आत्याचा भयंकर राग यायचा. बाबा खोकत खोकत गिरणीत जायचे आणि ही बाई खुशाल माग चालवत बसायची. वीस-बावीस घरांचे माग वाचले हे मले तेव्हा दिसतच नव्हतं. मले बाबा दिसायचे.

मग नवीन गल्लीतली पहिली पांजणी. खळ लावून झाली, ऊन चढून राहिलं, आणि पलीकडचं टोक धरणारे शेजारचे काका चक्कर येऊन खाली बसले. सूत ढिल्लं पडलं की एकमेकाले चिकटते. मग पाचही लुगडी गेलीच समजा.

"अरे धरा ना गा कोणी!" आत्या ओरडली.

बाबा तेवढ्यात ड्यूटीवरून येऊन राहिले होते. सायकल तशीच टाकली आणि धावत येऊन टोक धरलं.

"ढिल्लं पडून राहिलं वं अक्का, खेच!"

"खेचूनच तर राहिली! तू आधी खोकला आवर!"

सात महिन्यांनंतरचं पहिलं बोलणं. हे असं! अख्खी गल्ली हसली.

दुकान काही झालं नाही. बाबा रिटायर होईपर्यंत गिरणीतच राहिले. जायच्या आधी एकदा मले म्हणाले, "अक्कानं बरोबर केलं वं. माह्यानं नसतं झालं. पण तिले सांगू नको, लय चढून जाईल."

मी नाही सांगितलं. आधी मजेमजेत, मग राहूनच गेलं. बाबांले जाऊन वीस वर्षं झाली.

आता गल्लीत एकही हातमाग नाही. दोन्ही बाजूंनी कार उभ्या असतात.

मागच्या मंगळवारी दवाखान्यात आत्या एकदम म्हणाली, "तुह्या बापाचं दुकान मीच खाल्लं वं."

म्हणजे पन्नास वर्षं ही बाई हे मनात घेऊन बसली होती!

मग सांगितलं. बाबा जे म्हणाले होते ते, शब्दन्‌शब्द.

अशी चिडली! "इतकी वर्षं काहून नाही सांगितलं? मूग गिळून बसली होती का वं?"

"चुकलं आत्या."

थोड्या वेळानं डोळे मिटूनच म्हणाली, "काय म्हणला होता? पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. संध्याकाळपर्यंत चारदा सांगितलं.

आत्या, नीट जा. बाबा भेटले की आता त्यांच्याच तोंडून ऐकून घे.

आमच्या सगळ्या गल्लीचा तुले शेवटचा नमस्कार.