वाजल्याशिवाय कापायचं नाही

बोलता बोलता काकू मध्येच थांबायच्या, कमरेत वाकायच्या आणि गवतातला एखादा दांडा कानाशी ओढून हलवायच्या. आपलं बोलणं यांच्या डोक्यात शिरतंय की नाही, असं समोरच्याला वाटायचं. मग त्या सरळ होऊन म्हणायच्या, "नाही वाजत अजून. हं, तू काय सांगत होतीस?"

कार्डिफमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून. काकू मूळच्या नगरच्या. इथल्या हॉस्पिटलात जन्मभर नर्स म्हणून राबल्या आणि काका गेल्यावर एकट्याच राहत होत्या. गल्लीतल्या सगळ्यांची हिरवळ दाढी केल्यासारखी गुळगुळीत, आणि यांच्या मागच्या अंगणात गुडघाभर गवत. पुण्याहून नवीन आले तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांना झेपत नसेल. तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की त्यांच्या वॉर्डातली ज्युनियर डॉक्टर असते तर मी तिथेच रडले असते.

त्या गवतात चोचीसारखी बारकी पिवळी फुलं यायची. इंग्रजीत यलो रॅटल. काकू त्याला सरळ खुळखुळा म्हणायच्या. फूल वाळलं की त्याच्या फुगीर बोंडात बी सुटं होतं आणि हलवलं की वाजतं. हा खुळखुळा पानांत स्वतःचं अन्न करतो, पण मुळं मात्र शेजारच्या गवताच्या मुळांत खुपसून त्याचाही रस ओढतो. त्याने गवत जरा दबतं आणि इतर रानफुलांना जागा होते.

"म्हणजे बांडगूळच की," मी म्हटलं.

"निम्मं," काकू म्हणाल्या. "चूल आहे त्याला स्वतःची. आमटी तेवढी शेजारून आणतं. तू नाही का आणत?"

त्यांच्याच आमटीचा डबा तेव्हा माझ्या हातात होता.

त्यांचा मुलगा समीर मँचेस्टरला असतो. दर रविवारी फोनवर एकच पालुपद, आई, आता आमच्याकडे ये. मुलगा काय, सून काय, दोघांवर काकूंचा जीव. पण फोन ठेवला की मला म्हणायच्या, "माझं मला होतंय तोवर मी कुठे जात नाही. दुसऱ्याच्या मुळात मूळ घालून नाही बसायचं मला." आपल्या घरात, आपल्या गवतासमोर चहा पीत म्हातारं व्हायचं, एवढंच त्यांना हवं होतं. फार काही मागत होत्या का, तुम्हीच सांगा.

या फुलाची एक गोम आहे. ते वर्षाचं वर्षाला मरतं आणि त्याचं बी मातीत फार टिकत नाही. बोंडं वाजायच्या आत गवत कापलं, तर पुढच्या वर्षी काहीच उगवत नाही. म्हणून वाजल्याशिवाय कापायचं नाही, हा काकूंचा कायदा. आणि म्हणूनच जुलैत त्या दह्याच्या रिकाम्या डब्यात मूठभर बी घालून माझ्या हातावर ठेवायच्या. "विरजण समज. माझं बिघडलं तर तुझ्याकडून नेईन." मी ते माझ्या पुढच्या चतकोर अंगणात पेरत असे, निव्वळ त्यांच्या धाकाने.

एका जूनमध्ये काकू बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. समीर धावत आला. त्याने घर लखलखीत केलं, फ्रीज भरला आणि आई घरी यायच्या आदल्या दिवशी मागचं सगळं गवत मशीनने कापून टाकलं. मी गेले तर हा घामाघूम, आणि चेहऱ्यावर कोण समाधान. "बघ ना, किती नीट दिसते आता गार्डन. आईला जमत नव्हता हे सगळं. शी जस्ट नेव्हर सेड."

काकूंनी त्याला सांगितलं नव्हतं असं नाही. पण रविवारच्या फोनवर आईची बाग कोण कान देऊन ऐकतं.

दुसऱ्या दिवशी काकू वॉकर सरकवत मागच्या दाराशी आल्या. कापलेलं अंगण या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. आता काही समीरची धडगत नाही, असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "दमला असशील रे. चहा टाक जा." तो आत गेल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. "याला वाटलं, मला झेपत नाही," त्या म्हणाल्या. "आता नेईलच हा मला."

"कुठे नेत नाही," मी म्हटलं. "विरजण आहे माझ्याकडे."

चहा पिता पिता मी समीरला सगळं सांगितलं. शरद ऋतूत तो मुद्दाम रजा काढून आला. काकू शाल पांघरून खुर्चीत बसल्या होत्या, आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून माती खरवडून माझ्याकडचं बी पेरत होतो. "सॉरी, आई," तो म्हणाला. "सॉरी राहू दे, तो कोपरा राहिलाय बघ," काकू म्हणाल्या. मँचेस्टरचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

त्याच हिवाळ्यात काकू गेल्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणात, झोपेत. इथे माझं रक्ताचं कुणी नाही, पण मी ज्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले असते त्या याच होत्या, आणि त्याच नव्हत्या. वसंतात फुलं आली. भिंतीवरून मी एकटीच ती बघत असे.

जुलैत घर विकायला काढलं. एका दुपारी मी ऑफिसात असताना काकूंच्या घरून समीरचा फोन आला. "अगं, तो एजंट मागे लागलाय, फोटो काढायचेत, ग्रास कापा म्हणून. मी त्याला नाही म्हटलं. थांब, फोन खाली गवताजवळ नेतो. ऐक, वाजते का?"

आधी नुसता वारा आला, मग कुठलासा सीगल ओरडला. आणि मग बारीक, कोरडं, खुळखुळ.

"वाजतंय," मी म्हटलं. "काप आता."

"कापतो, पण आधी बी काढू," समीर म्हणाला. "संध्याकाळी येताना दह्याचा एक रिकामा डबा आण. मँचेस्टरला न्यायचंय."