दसऱ्याला पाटावर मांडलेली बंदूक

रानडुकरांपासून धानाच्या राखणीसाठी आमच्या घरी परवान्याची एकनळी बंदूक होती. गावात मोबाईल नुकते आले होते, त्या काळची गोष्ट. मी तेव्हा चाळिशीतली, आणि माझ्या मते माझ्या नवऱ्याला जगातलं काहीही दुरुस्त करता येत होतं. कारण काय, तर यांनी एकदा पाण्याची मोटर घरीच दुरुस्त केली होती. ती आठवड्यातच जळली, हे मी कोणाला सांगत नसे.

बंदुकीचा चाप जड झाला होता. डुक्कर धानाच्या बांधीतून निघून जायचं आणि हे चाप ओढतच राहायचे. सासू म्हणाली, "गोंदियाले दुरुस्तीवाला आहे ना. ने त्याच्याकडं."

"एवढ्याशा कामाले गोंदियाले कायले जाऊ?" यांनी ओसरीत पेपर अंथरला, बंदूक खोलली आणि आतले खटके कानशीनं घासायला घेतले.

"काऊन घासून राहिला रे? इळा होय का तो?" सासूनं विचारलं.

"आत्याबाई, तुमाले नाही समजत," मी ठसक्यात बोलले. जशी मी बंदुकीच्या कारखान्यातच जन्मले होते!

बंदूक जोडून झाली, तरी पेपरवर एक बारीक तुकडा उरला. हे त्याच्याकडे बघत राहिले. मीच म्हटलं, "जास्तीचा असन जी," आणि उचलून बटणांच्या डबीत टाकला.

चाप हलका झाला. इतका हलका, की एकदा दार जोरात आपटलं तर चढवलेला घोडा आपोआप खट्टकन पडला. नळी रिकामी होती. आम्ही दोघं हसलो. सासू हसली नाही. त्या दिवसापासून ती बंदुकीच्या बाजूनं जाताना अंग चोरून जायची.

दसऱ्याला आमच्याकडे बंदुकीची पूजा व्हायची, तीही घोडा चढवून. शस्त्र पूजेला जागं पाहिजे, असं सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आलेलं. आधी नळी रिकामी करायची, मग घोडा चढवायचा. त्या वर्षी धान लोंबीवर होतं, पहाटेच डुकरं येऊन गेली होती. बंदूक भरून शेतात गेलेले हे परतले, घाईघाईत आंघोळीला गेले, आणि तसेच ओल्या केसांनी पूजेला बसले. बंदूक घोडा चढवून पाटावर मांडली; नळी कोणी पाहिली नाही.

नळीच्या तोंडाला कुंकू लावायचा मान सासूचा. ती वाकली. तिचं बोट नळीजवळ गेलं तेव्हा मी झेंडूची फुलं नीट करत बसले होते.

"लवकर लावा न, आत्याबाई."

तिचा पदर घसरला. तो सावरायला ती बाजूला कलली, आणि त्याच क्षणी यांनी पाटाशेजारच्या दगडावर नारळ आपटला.

धूर विरला तेव्हा मागच्या कुडाच्या भिंतीला भगदाड पडलेलं होतं. सासू बसल्या जागीच होती. कानावरचे केस जळालेले, बोटाला कुंकू तसंच. हे तिला गदागदा हलवत "माय, माय" करत होते. लेकरं किंचाळत होती. मी तर गळा फाडून ओरडत होते.

तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "काऊन सारे गप बसले रे?"