फुंकणीची चीर

डोमाजीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. घाटंजीच्या जिनात सरकी काढायच्या यंत्रांवर बाया सातला बसत, त्याआधी इंजन गरम झालेलं हवं. तो भाकर फडक्यात बांधून निघे आणि पाचला इंजनघराचं कुलूप काढी. आधी फरशी झाडायची, मग तेल पाहायचं, मगच इंजनाला हात लावायचा. तीन हंगामांत हा क्रम एकदाही मोडला नव्हता.

त्याचा एक कायदाही होता. रुईचा तंतूसुद्धा इंजनघरात येता कामा नये. इंजनाच्या बाजूला हवा आत कोंबणारं एक यंत्र होतं. कागदावर त्याला ब्लोअर म्हणत, जिनात सगळे फुंकणी म्हणत, कारण चुलीपाशी फुंकणी जे करते तेच ते इंजनापाशी करी. ती फुंकणी रुई ओढून घेई, आणि रुई पेटायला वेळ लागत नाही. म्हणून डोमाजी दारातच अंग झटकी. दिवाणजी श्रीकृष्णपंत आले तर त्यांनाही उंबऱ्यावर धोतर झटकायला लावी.

जिनात तो आला तेव्हा पाठीवर रुईच्या गठाणी वाहत असे. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्याने ठरवलं, पाठ पुरे झाली, आता डोकं वापरायचं. जुन्या इंजनवाल्याच्या मागे उभं राहून, नुसतं पाहून तो काम शिकला. पण नोकरीत अजून कच्चाच होता. हंगाम संपला की आठ महिने घरी. "या होळीले तुले पक्का करतो," असं दिवाणजी म्हणाले होते, आणि त्याच हंगामात, बासष्टच्या डिसेंबरात, इंजन बिघडलं.

पहाटे ते नीट चाले. तास-दीड तासाने तापलं की यंत्रांचा पट्टा न चढवता रिकामं फिरतानाही ठेका चुके. तीन ठोके बरोबर, चौथा खाली. पट्टा चढवला की काळा धूर सोडून दम टाकी. डोमाजीने डिझेल गाळलं. नोझल काढून रॉकेलमध्ये धुतले, फवारा तपासला. व्हॉल्वची फट मोजली. सगळं जागच्या जागी होतं आणि ठेका चुकतच होता. असे तीन दिवस गेले.

इंजन बंद म्हणजे बायांची रोजी बंद. त्या अंगणात उन्हाला बसून राहत. डोमाजीची बायको इंदूबाईही त्यांच्यातच.

"काय डोमाजीभाऊ," पंचफुला ओरडे, "तुह्यं इंजन खोकलून राह्यलं. अडुळसा पाज नं त्याले!"

बाया हसत. इंदूबाई मान खाली घालून हातातली काडी मोडत बसे.

चौथ्या दिवशी सकाळी दिवाणजी उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

"यवतमाळहून पूनमसिंग मिस्त्री येते दुपारच्या मोटारीनं. त्यानं चालू केलं तं तू उद्यापासून गठाणीवर."

"दिवाणजी, मले दुपारपर्यंत टाइम द्या."

"तीन दिवस काय भजन करत होता का बे?"

डोमाजी इंजनाकडे वळला. मोटार यायला चार तास होते. इंदूबाई दाराशी आली.

"धर्मपालचे बाबा, दोन घास तं खा."

"घास उतरत नाई. गठाणीवर गेलो तं पुन्हा इकडे कोणी उभं करणार नाई मले."

ती उभीच राहिली. डोमाजी डोकं धरून बसला आणि पहिल्यापासून विचार करू लागला. थंड असताना बरं, तापल्यावर वाईट. म्हणजे तापल्यावर कुठेतरी काहीतरी उघडतं. फुंकणीची हवा इंजनात पोचण्याआधीच बाहेर जात असली तर? फुंकणीपासून इंजनापर्यंतची नळी त्याने हाताने चाचपली होती, पण इंजन बंद असताना. चालत्या इंजनापाशी चाचपावं तर चाकाचा वारा सगळीकडे, आणि गठाणी ओढून घट्टे पडलेल्या त्याच्या हाताला झुळूक कळणार कशी?

"इंदे, रुई आण. चिमूटभर."

"इंजनघरात?"

"आण म्हणतो नं!"

त्याने रुईचे तीन पुंजके केले, तेलाचं बोट लावून तारेच्या टोकांना घट्ट गुंडाळले. आत गेले तीन, बाहेर आले पाहिजेत तीन. इंजन तापू दिलं. ठेका चुकायला लागला तेव्हा सदरा काढून तो चाकाच्या आणि नळीच्या मधल्या वीतभर फटीत आडवा शिरला. वरचे जोड पाहिले. चाकाच्या वाऱ्याने पुंजक्याचे तंतू एकाच बाजूला झुकत होते. बोटाबोटाने तार सरकवत तो नळीच्या पोटाखाली गेला. खांदा धुराच्या पाइपाला लागला, कातडी चरचरली. हलायला जागा नव्हती, म्हणून तो हलला नाही.

नळीच्या पोटाखाली, जिथे डोळा पोचत नव्हता, तिथे तंतू उलटे फडफडले. त्याने तार मागे घेतली, पुन्हा नेली. पुन्हा उलटे. चीर तिथे होती.

तिन्ही पुंजके मोजून तो बाहेर आला. इंजन थांबवलं. लॉरीच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, नळीला गुंडाळली, वर डब्याचा पत्रा, त्यावर पक्कडीने पिळून तार. इंजन पुन्हा चालू केलं आणि कान लावून उभा राहिला. एक तास. ठेका एकदाही चुकला नाही. पट्टा चढवला. धूर विरळ झाला. बाया उठून आत पळाल्या.

मिस्त्री आला तेव्हा जिन चालू होतं. त्याने वाकून तार पाहिली, चहा प्यायला आणि दिवाणजींना म्हणाला, "यासाठी कायले बोलावलं मले? तुमच्यापाशी मिस्त्री हाये नं."

दिवाणजी हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी डोमाजीला बोलावलं.

"नळी कोणाच्या ताब्यात फुटली?"

"नळी जुनी होती, दिवाणजी. आतून गंजली होती."

"ताबा कोणाचा होता, ते विचारून राह्यलो मी."

"माहा."

"मंग झालं."

होळीला डोमाजी पक्का झाला. पक्का होताना त्याने एका कागदावर अंगठा नाही, सही केली. पहिल्या पाच महिन्यांचा अर्धा पगार कापला गेला. त्या पगारातून मालकाच्या इंजनाची नवी नळी आली. बसवलीही त्यानेच.