चांगुणामावशींचं ओलं लाकूड

चांगुणामावशींची सगळी नोकरी लाकूड कोरडं ठेवण्यात गेली. अंबरनाथच्या आगपेटीच्या कारखान्यात त्या काड्या भरायच्या. काडीला जरा दमट हवा लागली की मुकादम अंगावर यायचा, म्हणून पावसाळ्यात मावशी काड्यांना तान्ह्या लेकरासारखं जपत. ती सवय घरीही आली. ओलं फडकं कुठे दिसलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. "ओलं ते मेलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अशा बाईने म्हातारपणी एक लाकूड ओलं ठेवायचा वसा घ्यावा आणि त्यापायी सोसायटीच्या सेक्रेटरीशी वैर पत्करावं, याला मांजर्लीतले लोक सरळ 'चळ' म्हणत. लोकांना म्हणायला काय जातंय?

झालं असं, की २००५च्या जुलैत उल्हास नदी मांजर्लीत शिरली आणि तळमजल्यावरच्या मावशींच्या घरात बिनबोलावल्या पाहुणीसारखी मुक्कामाला राहिली. मावशी आणि त्यांचा मुलगा महेंद्र तिसऱ्या मजल्यावर चिंतामणी पाटकरांकडे जाऊन बसले. पाणी उतरलं तेव्हा गादी गेली होती, टीव्ही गेला होता, वर्षाचे तांदूळ गेले होते. त्याचं मावशींनी फार मनाला लावून घेतलं नाही. पण लोखंडी पेटीतले नवऱ्याचे फोटो चिखलात लडबडले होते. बबनराव ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. मावशींनी हाताला जे ठाऊक होतं तेच केलं. ऊन पडताच फोटो गच्चीवर पसरले आणि लवकर सुकावेत म्हणून वरून इस्त्रीही फिरवली. संध्याकाळपर्यंत रंगाचे पोपडे सुटले. लग्नातले बबनराव, फॅक्टरीच्या गेटवरचे बबनराव, नागपूरला दीक्षाभूमीवर हात जोडून उभे असलेले बबनराव, सगळे कागदावरून निघून गेले. मावशी त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पुराने नेलं पुष्कळ आणि आणून टाकलं एकच. कंपाउंडच्या भिंतीला एक लांबलचक, काळंकुट्ट लाकूड येऊन अडकलं होतं. पंधरा दिवस ते चिखलात पडून राहिलं. मग पाटकरांनी, म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी चिंतामणीभाऊंनी, कुऱ्हाडवाला बोलावला. त्याने पहिला घाव घालायला हात उचलला तोच गेटमधून एक मुलगी धावत आली आणि लाकडावर आडवी पडली म्हणा ना. ही मनाली. मुंबईच्या एका संस्थेत बुडालेल्या होड्या आणि जुन्या बंदरांचा अभ्यास करायची. पुरानंतर नदीच्या गाळातून काय काय वर आलंय हे बघत ती काठाकाठाने हिंडत होती.

"हे होडीच्या तळाचं लाकूड आहे," ती म्हणाली. "खिळा एकही नाही, बघा. फळ्या काथ्याने शिवायचे, त्याची ही भोकं. भात नाहीतर गवत भरून खाली कल्याण बंदराकडे जात असेल. किती जुनी ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मग वाळू दे की चार दिवस उन्हात," मावशी म्हणाल्या.

"नको मावशी! आतून ते पोकळ झालेलं असतं, पाणीच त्याला धरून असतं. एकदम वाळलं की आक्रसतं, तडकतं, हातात भुसा येतो. पाण्यातून निघालेली वस्तू घाईने वाळवायची नाही. लाकूड असो, पुस्तक असो, फोटो असो."

मावशी लाकूड सोडून तिच्याकडे वळल्या. "फोटोसुद्धा?"

"फोटोसुद्धा. स्वच्छ पाण्यात ठेवायचे आणि मग एकेक करून सावकाश काढायचे."

ही पोरगी पंधरा दिवस आधी का नाही आली, असं मावशींना वाटलं. पण त्यात तिचा काय दोष? मनाली सांगत होती की संस्थेत मोठी टाकी तयार व्हायला वेळ लागेल आणि तोवर हे लाकूड कोणीतरी ओलं ठेवायला हवं, एक दिवससुद्धा चुकता कामा नये. कोणी पुढे येईना. "मी ठेवीन," मावशी म्हणाल्या. बबनरावांचं जे झालं ते आणखी कशाचं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

कंपाउंडच्या कोपऱ्यात बिल्डरने बांधकामाच्या वेळी केलेला सिमेंटचा हौद होता. लाकूड त्यात बसलं, पण एक टोक वर राहिलं. महेंद्र उल्हासनगरला एका सिंधी शेठकडे जीन्सच्या कारखान्यात कटिंग करायचा. तो कापडाच्या चिंध्यांचं पोतं घेऊन आला. "मम्मी, टेन्शन मत ले. डेनिम पाणी सोडत नाही." त्या टोकाला चिंध्या गुंडाळल्या. लाकूड जीन्स घालून बसलंय, असं पोरं म्हणू लागली. मावशी सकाळ-संध्याकाळ बादली ओतत. डास होतील म्हणून आरोग्य खात्याचा माणूस ओरडायला आला, तर त्यालाच चहा पाजून त्याच्याकडून गप्पी मासे मिळवले.

चिंतामणीभाऊंचा राग मात्र वेगळाच होता. हौद बुजवून तिथे स्कूटरची पार्किंग करायचं त्यांच्या मनात होतं आणि स्कूटर त्यांचीच होती. "मावशी, नळाला पाणी एक दिवसाआड. माणसांना पुरत नाही आणि तुम्ही ओंडक्याला आंघोळ घालताय!"

"माझ्या वाटणीचं घालते, भाऊ. मी कमी आंघोळ करते."

"ते कळतंय आम्हाला," असं भाऊ म्हणाले आणि त्यावर त्यांच्या बायकोने, राजाबाईंनी, दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

मनालीची टाकी 'पुढच्या महिन्यात' होणार होती. पुढचा महिना पुढे पुढेच सरकत मार्च उजाडला. होळीच्या दिवशी मावशी बँकेच्या कामाला अंबरनाथला गेल्या. दुपार टळल्यावर परतल्या तर हौद रिकामा! गप्पी मासे तेवढे पोरांनी माणुसकीने बादलीत काढून ठेवले होते. मावशी तशाच समोरच्या मैदानात धावल्या. एरंडाची फांदी मधोमध, भोवती गोवऱ्या, पेंढा, फांद्या, आणि सगळ्यांवर जीन्ससकट आडवं पडलेलं त्यांचं लाकूड.

चिंतामणीभाऊ हातात आगपेटी घेऊन उभे होते. "मावशी, आता बोलू नका. होळीत पडलेलं लाकूड परत काढत नाहीत. रीत आहे."

रीत होती खरी. मावशी बौद्ध, होळी त्यांच्या घरात नव्हती आणि दुसऱ्याच्या सणात हात घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. सात महिने जपलेलं पोर कोणी डोळ्यांदेखत उचलून न्यावं, तसं झालं. शेजारी राजाबाई पूजेचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा मावशींकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

"काय हो, होळीला प्रदक्षिणा घालताना पाणी ओतायची रीत आहे ना?"

"आहे. मग?"

"किती ओतायचं, असं कुठे सांगितलंय?" असं म्हणून राजाबाईंनी तांब्या लाकडावर उपडा केला.

"अगं, पेटल्यावर प्रदक्षिणा!"

"पेटल्यावर मला धूर सोसत नाही," राजाबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या फेरीला निघाल्या.

मग काय विचारता! बिल्डिंगमधल्या बायकांना इतकी भक्ती एका दिवसात कुठून आली कोण जाणे. एकीमागून एक निघाल्या, कोणी कळशी घेऊन, कोणी बादली घेऊन. मावशींनी स्वतः एक थेंब ओतला नाही. फक्त भरलेल्या बादल्या पुढे दिल्या. ते एक दिवसाआडचं पाणी होतं. उद्या धुळवडीला काय करणार, असं एकीनेही विचारलं नाही. गोवऱ्यांचा लगदा झाला. भाऊंनी काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही विझली. रॉकेल शिंपडलं तर ते चूंऽऽ करून नुसतं धुपलं.

"काडी चांगली आहे, भाऊ," मावशी म्हणाल्या. "आमच्याच कारखान्यातली आहे. लाकूडच ऐकत नाही."

पोरांनी सणसणीत बोंब मारली. ती कोणाच्या नावाने, हे सांगायला नको. शेवटी राजाबाईंनीच निकाल दिला, "होळीने नको म्हटलेलं लाकूड आहे ते. आता काढलं तर पाप नाही." ज्या पोरांनी आणलं होतं त्यांनीच ते खांद्यावर घेऊन परत हौदात नेलं. होळी तर पेटवायलाच हवी. म्हणून जिन्यात पडलेली चिंतामणीभाऊंची मोडकी आरामखुर्ची उचलून आणली. ती मात्र खडखडीत वाळलेली होती, एका काडीत भडकली.

एप्रिलमध्ये मनाली टेम्पो घेऊन आली. लाकूड टिचभरही तडकलं नव्हतं. "पण हा निळा रंग कसला?" तिने डोळे बारीक केले.

"स्टोन वॉश आहे, मॅडम," महेंद्र म्हणाला.

मावशी टेम्पोत मागे बसून मुंबईपर्यंत लाकडावर पाणी शिंपडत गेल्या. तिथे ते टाकीत उतरलं. पाण्यात एक औषध घालतात, ते मेणासारखं हळूहळू आत शिरतं आणि मगच वाळवायला घेतात, असं मनालीने सांगितलं. किती दिवस? तर सहा-सात वर्षं. मावशींनी मान डोलावली. वर्षातून एकदा त्या जाऊन बघून येत आणि कोणी 'वाळलं का हो?' विचारलं तर अभिमानाने 'छे, अजून ओलंच आहे' म्हणत.

२००८च्या उन्हाळ्यात राजाबाई थोड्याशा आजाराने गेल्या. चिंतामणीभाऊ खचले. सोसायटीचं सगळं काम सोडून जिन्याच्या पायरीवर बसू लागले. कोणी 'जेवलात का' विचारलं तरी डोळ्यांना पाणी यायचं. महिना झाला, दोन झाले. बिल्डिंगची माणसं तशी वाईट नाहीत. एका रविवारी पाचसहाजण भाऊंच्या घरी समजूत घालायला जमले. आता सावरा म्हणाले. मुलाकडे पुण्याला जा म्हणाले. एकाने राजाबाईंच्या साड्या बोहारणीला देऊन टाकायला सांगितल्या. डोळ्यांसमोर नसल्या की त्रास होत नाही, म्हणे.

चांगुणामावशी चहाची किटली घेऊन वर आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि मग त्यांचं डोकंच फिरलं.

"उठा, निघा सगळे!" त्या म्हणाल्या. "दोन महिन्यांत काय वाळायला हवं त्यांनी? घाईने वाळवलेलं माणूससुद्धा तडकतं. साडीला हात लावायचा नाही कोणी."

लोक चपला शोधू लागले. भाऊंना हुंदका आला आणि ते ओशाळून डोळे पुसू लागले. मावशींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला, पदर खोचला आणि समोरच्या स्टुलावर ऐसपैस बसल्या.

"पुसू नका, भाऊ. सावकाश रडा," त्या म्हणाल्या. "मला आज कुठे जायचं नाही."