मेव्हण्याचे पन्नास तास

पालघरपासून तारापूरपर्यंत माणसात बसवू नये असा एकच माणूस आहे, आणि तो माझा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ. पाम गावाजवळ रस्त्याला त्याची ट्रॅक्टर दुरुस्तीची शेड आहे. इंजिन सोडून दुसऱ्या कशाचा आवाज त्याला ऐकूच येत नाही. लग्नाला गेला की मांडवामागे जनरेटरपाशी उभा. इकडे अक्षता पडतात आणि तिकडे हा लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक मशीनला, दुसरं कानाला लावून डोळे मिटतो. ऑइल बोटावर चोळतो, हुंगतो, आणि कोणी बघत नसलं तर जिभेला लावतो. त्याची बायको म्हणते, माझी आमटी अशी कधी चाखली नाय यांनी. इंजिन उघडं असताना शेडमध्ये बोलायचं नाही, हा त्याचा नियम. एकदा बोईसरच्या कारखान्यातला एक ड्रायव्हर मागे लागला, "उस्ताद, जल्दी करो ना." याने हातातला पाना त्याच्या हातात दिला, "लो, तुम करो" म्हणाला आणि झाडाखाली जाऊन बसला. ड्रायव्हर अर्धा तास पाना धरून उभा होता.

माझी बायको गेली त्या दिवशीचं सांगतो. दवाखान्यातून तिला घरी आणायला गाडी आली. रडारड चालू, आणि हा सरळ गाडीकडे गेला आणि त्याने बोनेट उघडलं. माझा चुलतभाऊ चिडला. "लाज हाय का रे तुला, बहीण ती तुझी."

"पट्टा ढिला हाय," हा आतून म्हणाला. "वाटेत बंद पडली तर ताईला ढकलत नेशील का?"

मग वीस माणसं उन्हात उभी आणि हा पट्टा ताणत बसलेला. सगळ्यांना राग आला. मलाही आला, अजून थोडा आहे. पण गाडी वाटेत थांबली नाही, हे खरं. त्याच्या डोळ्यात पाणी मी त्या दिवशी पाहिलं नाही, नंतरही नाही.

आमचा ट्रॅक्टर आमच्या मुलीच्या वयाचा. मुलगी सासरी, वसईला. ट्रॅक्टर अंगणातल्या मांडवाखाली. बायको आजारी पडल्यापासून त्याच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. धूर मारायचा, ओढत नव्हता. मी तो विकणार होतो आणि शेत पडीक टाकणार होतो. कोणासाठी पेरायचं? तेराव्यानंतर मेव्हणा आला आणि न विचारता ट्रॅक्टर घेऊन गेला. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, ते त्याला माहीत होतं. महिन्याभराने परत आणला. आत नवे लायनर, त्यांच्यात वरखाली होणारे नवे पिस्टन, पिस्टनवर नव्या रिंगा. अंगणात उभं राहून त्याने मला पढवलं.

"भावजी, पयले पन्नास तास लक्ष द्या. नवं इंजिन हाय, रुळायला लागतं. लय जड काम नाय द्यायचं. पण काम द्यायचंच. नुसतं उभं करून घुरघुरत नाय ठेवायचं. रिंगा लायनरला घासून बसल्या पायजेत. कळलं?"

"मी चौथी शिकलोय, येडा नाय," मी म्हणालो.

मग मी काय केलं? रोज सकाळी ट्रॅक्टर चालू करायचो, अंगणात उभा ठेवायचो आणि ओट्यावर बसायचो. दोन तास, कधी तीन. डिझेल संपत आलं की बंद.

काही दिवसांनी मेव्हणा आला. मीटरवर सतरा तास बघून एवढा खूश झाला की माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्याने फक्त इंजिनावर ठेवलेला मी पाहिला आहे. मग त्याचं लक्ष चाकांकडे गेलं.

"सतरा तास चालला आणि चाकाला माती नाय?"

मी विडी पेटवली.

"शेतात नेला का?"

"नाय."

"मग केलं काय?"

"चालू ठेवला."

सायलेन्सरमधून काळं, चिकट ऑइल ओघळलं होतं. त्याने बोटाला लावून वास घेतला आणि चाकाला टेकून खाली बसला. "ओझं नसलं की रिंगा बसत नाय. लायनर आतून काचेसारखा गुळगुळीत व्हतो आणि मग जन्मभर ऑइल जाळतो. तीस वर्षं हे काम करतोय, असा खून बघितला नाय मी. म्हशीला सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं. का केलं असं?"

"घरात आवाज नव्हता," मी म्हणालो.

बायको पहाटेपासून बोलायची. कोंबड्यांशी, भांड्यांशी, माझ्याशी. त्यातलं निम्मं मी ऐकत नव्हतो. आता ऐकायला बसलो तर काही नाही.

मेव्हण्याची शिवी तोंडातच राहिली. उठून त्याने बोट पँटला पुसलं. म्हणाला, "मग शेतात चला. तिथं पण आवाज व्हतो."

त्या दिवसापासून तो रोज शेड सोडून यायचा. आता नीट ओझं देऊ, म्हणाला, बसल्या तर बसल्या रिंगा, नायतर परत सगळं उघडायचं. कापणी झालेलं शेत आम्ही नांगरलं. वाल पेरायचे नव्हते, तरी पेरले. ट्रॉलीत पेंढा भरून मुरबे गावापर्यंत फेऱ्या मारल्या. ट्रॅक्टरला मडगार्ड दोन. ही नेहमी डावीकडे बसायची, मांडीवर डबा घेऊन. मेव्हणा न सांगता उजवीकडे चढला आणि तिथून ओरडत राहिला, "दाबा. सोडा आता. एका चालीत नका चालवू, झोपाल. परत दाबा." बोलताना तो धुराकडे बघायचा, माझ्याकडे नाही. ऑइल जळल्याचा निळा धूर दिवसादिवसाने पातळ होत गेला. तो शेडवर कोणाला काही सांगत नसे, पण त्याची बायको म्हणाली, हल्ली जेवताना शिटी मारतात.

पन्नास तास भरले. ऑइल बदललं, हेडचे बोल्ट पुन्हा आवळले. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन त्याने स्वतः चालू केलं. मूठभर निळा धूर आला आणि गेला.

"एवढा राहिला," तो म्हणाला. त्या दिवशी दवाखान्याच्या दारातही पडला नव्हता एवढा त्याचा चेहरा पडला होता. "परत उघडू का?"

"राहू दे."

"रोज सकाळी दिसंल तुमाला."

"दिसू दे."

आता त्याला यायचं काही कारण नाही. ट्रॅक्टर ओढतो, वालाला फुलं आली आहेत. तरी दर रविवारी येतो, चावी फिरवतो, तेवढा धूर विरेपर्यंत आम्ही दोघे उभे असतो. मग विचारतो, "जेवलात का?" माणसाला विचारायची त्याला सवय नाही, म्हणून उत्तर ऐकायला थांबत नाही. परवा मी वांग्याची भाजी केली होती, खारट झाली. सांगणार होतो. तोपर्यंत तो गाडीला किक मारून रस्त्याला लागला होता.