पाय थांबल्यावर

स्पॅनिश कादंबरीतली बाई म्हणते, मी नवऱ्याबरोबर ‘पोर इनेर्सिया’, म्हणजे आधीच्या गतीनेच, राहिले. अनुवादात मला ते इंग्रजीत न्यायचंय आणि दोन दिवस मी तिथेच अडकलेय. ‘हॅबिट’ लिहिलं तर ते दात घासण्यासारखं वाटतं. ‘इनर्शिया’ लिहिलं तर बाई सोफ्यावर लोळत पडल्यासारखी दिसते. स्पॅनिशमधली तर चालतेय, कुणी ढकलत नसताना. मग ती अडकलीय की निघालीय? मलाच कळेना.

वैतागून सुरी घेतली आणि खाली धारवाल्याकडे गेले. सुरीला धार लावता लावता त्याने पायडल मारणं थांबवलं. चाक फिरतच होतं.

“झालं ना? द्या,” मी हात पुढे केला.

“थांबा ताई.” त्याने पातं चाकाला हलकेच टेकवलं. “शेवटची धार पाय थांबल्यावरच येते.”

वर आले, तर नवऱ्याने माझा चहा बशीने झाकून ठेवला होता. पंचवीस वर्षं तो असाच झाकून ठेवतो.

“का झाकतोस रे?”

“का म्हणजे?” त्याने बशी उचलून कप माझ्याकडे सरकवला.

वाक्यातली ती जागा अजून मोकळीच आहे. चहा मात्र गरम होता.